मायक्रोबिटएक्सचं फ्रिक्वेन्सी कॅलिब्रेशन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी रचलेला मायक्रोबिटएक्स हा हौशी रेडिओचा (हॅमचा) बोलायचा-ऐकायचा सेट, सहावी आवृत्ती, टचस्क्रीनवाली. उन्हाळा, पावसाळा आणि थंडी अशा तिन्ही ऋतूंत वापरल्यावर मत असं आहे: याची फ्रिक्वेन्सी जुळवणं अर्ध्या तासाचं काम, पण ती जुळलेली राहणं हे त्याच्या आतल्या उष्णतेवर अवलंबून. बहुतेक जण पहिल्या कामात नको ती खुंटी फिरवतात आणि दुसऱ्याकडे बघतच नाहीत.

आधी खुंटीचा घोळ. सेटअपमध्ये फ्रिक्वेन्सी आणि बीएफओ (सिग्नलमधून ऐकू येणारा आवाज काढणारा ऑसिलेटर) अशा दोन वेगळ्या जुळवण्या आहेत. डायल चुकीची दिसते म्हणून बीएफओ हलवणारे खूप भेटतात. या सेटमध्ये तिन्ही ऑसिलेटर एकाच एसआय ५३५१ चिपमधून, म्हणजे एकाच २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून (ठराविक गतीने कंप पावणाऱ्या स्फटिकावरून) निघतात. बीएफओचा आकडा बदलला की दुसऱ्या मिक्सरचा (सिग्नलची फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या भागाचा) आकडाही प्रोग्रॅम तेवढाच सरकवतो, त्यामुळे हवेतली फ्रिक्वेन्सी जागची हलत नाही. बदलतो तो फक्त आवाजाचा पोत, कारण सिग्नल क्रिस्टल फिल्टरच्या वेगळ्या भागातून जातो. डायलची चूक क्रिस्टलची आहे, ती पीपीएममध्येच (दशलक्षात किती भाग) मोजायची. ६ पीपीएम म्हणजे ७ मेगाहर्ट्झला ४२ हर्ट्झ आणि २८ ला १६८. बँड वाढेल तशी चूक त्याच प्रमाणात वाढत असेल तर दोष क्रिस्टलचा, याची खात्री बाळगा.

संदर्भासाठी मॉस्कोचं आरडब्ल्यूएम हे अचूक वेळ प्रसारित करणारं केंद्र सोयीचं: ४९९६, ९९९६ आणि १४९९६ किलोहर्ट्झ. तासाच्या सुरुवातीला आणि अर्ध्या तासाला जवळजवळ आठ मिनिटं नुसता अखंड कॅरिअर (कोणताही संदेश नसलेली साधी लहर) मिळतो, मोजायला यापेक्षा चांगलं काही नाही. १० मेगाहर्ट्झवर चीनचं बीपीएम आणि इतर वेळ-केंद्रं एकमेकांत मिसळतात, तिथे कोणता सूर कोणाचा हे कळत नाही. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळी मोजू नका. आयनांबर वरखाली होत असताना डॉप्लरमुळे आकडा डोलतो. नेटवर (हवेवरच्या हॅम मंडळींच्या बैठकीत) कुणाला तरी “माझी फ्रिक्वेन्सी बघा” म्हणणं म्हणजे त्याच्या सेटची चूक आपल्या सेटमध्ये भरणं. स्वस्त फ्रिक्वेन्सी काउंटरचंही तेच, त्याच्या पोटातलं क्रिस्टल आपल्यापेक्षा चांगलं असेलच असं नाही.

कानाने झिरो बीट करायचा, म्हणजे सूर उतरत उतरत शून्यावर आणायचा, प्रयत्न सोडून द्या. २०० हर्ट्झच्या खालचं ऑडिओ फिल्टर आणि स्पीकर दोघेही कापतात, त्यामुळे “शून्य” कुठे आहे हे ऐकूच येत नाही. त्याऐवजी असं करा. सेट अर्धा तास चालू ठेवा. यूएसबीवर (अप्पर साइडबँड) डायल ९९९५.०० किलोहर्ट्झला ठेवून सूर मोजा, मग एलएसबीवर (लोअर साइडबँड) ९९९७.०० ला ठेवून मोजा. मोबाइल किंवा संगणकावरचं कोणतंही स्पेक्ट्रम ॲप चालेल. दोन्हीकडे १००० हर्ट्झ यायला हवेत. समजा यूएसबीवर ९३८ आणि एलएसबीवर १०६२ आले. फरक १२४, त्याचा अर्धा ६२. म्हणजे सेट डायलपेक्षा ६२ हर्ट्झ वर चालतोय, ६.२ पीपीएम. फरक घेतल्यामुळे साउंड कार्डच्या घड्याळाची बारीक चूकही कटते. सीडब्ल्यूवर (मोर्सच्या मोडवर) मात्र मोजू नका, त्यात साइडटोनचा (मोर्ससाठी ठरवलेल्या सुराचा) फरक मिसळतो.

आता आकडा. प्रोग्रॅममध्ये व्हीसीओ (चिपमधला मुख्य ऑसिलेटर) २५ गुणिले ३५, म्हणजे ८७५ मेगाहर्ट्झ धरलाय आणि कॅलिब्रेशनचा आकडा त्यातच मिळवला जातो. म्हणून दुरुस्ती = ६२ × ८७५ ÷ ९.९९६, सुमारे ५४२७. सेट वर चालत असेल तर आधीच्या आकड्यात मिळवायचे, खाली असेल तर वजा करायचे. मूळ प्रोग्रॅममध्ये खुंटीच्या एका टप्प्याला ८७५ चा बदल होतो, म्हणजे बरोबर १ पीपीएम. सहा टप्पे दिले की ५२५० होतात आणि १४ मेगाहर्ट्झवर जेमतेम ३ हर्ट्झची चूक शिल्लक राहते. एसएसबीला, म्हणजे यूएसबी-एलएसबीवर बोलायला, पुष्कळ झालं. याहून बारीक हवं असेल तर कोडमधला टप्पा लहान करून तो सेटमधल्या अर्डुइनो या छोट्या संगणकात पुन्हा चढवावा लागतो.

हे झाल्यावरच बीएफओ. फ्रिक्वेन्सीच्या ६ पीपीएमने ११.०५९ मेगाहर्ट्झचा बीएफओही ६५-७० हर्ट्झ सरकलेला असतो, आधी लावलात तर पुन्हा लावावा लागेल. रिकाम्या बँडवरच्या खरखरीचा स्पेक्ट्रम बघा. उंचवटा ३०० हर्ट्झच्या आसपास सुरू व्हायला हवा. त्याहून खाली सरकवला तर आवाज घुमतो आणि कॅरिअर दाबायचं फिल्टरचं काम अर्धवट राहतं.

आठवणीने एक करा: अंतिम आकडे डब्याच्या आत कागदावर चिकटवा. दुसरा फर्मवेअर (सेट चालवणारा प्रोग्रॅम) चढवला आणि त्यात क्रिस्टलची अंतर्गत लोड कपॅसिटी ८ ऐवजी १० पिकोफॅरड धरली असेल, तर क्रिस्टलच हलतं आणि जुना आकडा निरुपयोगी होतो.

टिकण्याबद्दल. साध्या २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलकडून जेवढी अपेक्षा ठेवावी तेवढंच ते देतं. क्रिस्टल ज्या बोर्डावर आहे त्याच बोर्डावर ५ व्होल्टचा रेग्युलेटर तापतो, म्हणून चालू केल्यावरची पहिली वीस मिनिटं फ्रिक्वेन्सी सरकत राहते. रेग्युलेटर वायरींनी बाहेर काढून डब्याच्या पत्र्याला बसवणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी उपाय. क्रिस्टलवर पंख्याचा झोत येऊ देऊ नका. वर फोमचं छोटं टोपण ठेवलं तर बदल सावकाश होतात, आणि डिजिटल मोडला सावकाश बदलच चालतो. डब्ल्यूएसपीआर (अगदी क्षीण सिग्नल संगणकाने ओळखायचा डिजिटल मोड) याची खिडकी २०० हर्ट्झची, एक प्रसारण ११० सेकंदांचं आणि सुरांतलं अंतर दीड हर्ट्झपेक्षा कमी. तिथे एकूण चूक खिडकीत बसली तरी प्रसारणात होणारी सरक डिकोड पाडते. डिकोडच्या यादीतला ड्रिफ्टचा (सरकेचा) रकाना शून्याच्या जवळ आला की काम जमलं.

फक्त एसएसबी बोलणाऱ्याने एवढ्यावर थांबावं. डब्ल्यूएसपीआर रोज चालवणाऱ्याने क्रिस्टल काढून ०.५ पीपीएमचा २५ मेगाहर्ट्झ टीसीएक्सओ (तापमानाचा परिणाम भरून काढणारा ऑसिलेटर) लावावा. क्लिप्ड साइन (माथे कापलेली लहर देणारा) प्रकारचा घ्या. त्याचं आउटपुट ०.१ मायक्रोफॅरडमधून चिपच्या एक्सए पायाला, एक्सबी मोकळा. ३.३ व्होल्टचं चौकोनी आउटपुट असलेला मिळाला तर रेझिस्टरच्या विभाजकाने १ व्होल्टच्या आत आणा, सरळ जोडू नका. नंतर कॅलिब्रेशन शून्यापासून पुन्हा, आणि त्यामागून बीएफओ.