केबिनमधला कॅमेरा: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर (मुख्यतः पलीकडच्या आरशाबद्दल)

मी पार्सलची व्हॅन चालवतो. लेन बदलताना पलीकडच्या आरशात नीट बघितलं म्हणून केबिनमधल्या कॅमेऱ्याने माझे मार्क कापले. ते परत मिळावेत म्हणून कंत्राटदाराच्या ऑफिसशी माझं अजून वाजतंय, आणि त्याच रागात हे लिहायला बसलोय. त्यामुळे बाकीच्या फीचरबद्दल कमी आणि आरशाबद्दल जास्त येईल, आधीच सांगून ठेवतो.

डबी, म्हणजे हा कॅमेरा, कशी असते ते बहुतेकांना माहीत आहे. पुढच्या काचेला वर चिकटवलेली, एक भिंग रस्त्याकडे, एक आपल्या तोंडाकडे, आत सिमकार्ड, जीपीएस आणि धक्के मोजणारा सेन्सर. गाडी कंत्राटदाराची, कॅमेरा ज्यांची पार्सलं पोचवतो त्यांच्या अटीतला, तोंड तेवढं आपलं. या मार्कांचा स्कोअर पार्सलवाल्या कंपनीकडे जातो, त्यावर कंत्राटदाराचा बोनस ठरतो, आणि कंत्राटदार त्याच आकड्यावरून आपला इन्सेन्टिव्ह ठरवतो. अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने 2021 मध्ये कंत्राटी कंपन्यांच्या व्हॅनमध्ये असे कॅमेरे लावायला घेतले, तेव्हा तिथल्या ड्रायव्हरांपुढे चेहऱ्याच्या माहितीचं संमतीपत्र ठेवलं होतं: सही करा, नाहीतर काम सोडा. तसलाच कागद माझ्यापुढेही आला. सही केली, दुसरं काय करणार.

आता आरसा. आपल्या बाजूचा आरसा जवळ असतो, तो नुसते डोळे फिरवून दिसतो. पलीकडचा लांब असतो, त्यासाठी मान वळवावी लागते. त्यात व्हॅनला मागची काच नसते, आत छतापर्यंत पार्सलं. म्हणजे मागचं जे काही कळतं ते आरशातूनच. मी मान वळवली की डबीतली बाई बोलते, ‘कृपया समोर लक्ष द्या.’ आवाज कमी करायची सोय नाही. गंमत म्हणजे ती बोलली की नजर पहिली जाते डबीकडे. म्हणजे आरसा अर्धवट बघून झाला, रस्ता बघायचा राहिला, आणि मी एका डबीच्या तोंडाकडे बघत लेन बदलतोय.

यातलं खरं काय म्हणून मी थोडं वाचलं. शंभर गाड्यांमध्ये कॅमेरे आणि सेन्सर बसवून केलेला एक अमेरिकन अभ्यास आहे, 2006 मध्ये त्याचं विश्लेषण आलं. दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ नजर रस्त्यावरून हटली की अपघाताचा किंवा थोडक्यात वाचण्याचा धोका किमान दुप्पट होतो, हे त्यातलं वाक्य कॅमेरेवाले आवडीने सांगतात. हिशेब बरोबरच आहे, ताशी साठच्या वेगात दोन सेकंदांत गाडी तेहतीस मीटर पुढे गेलेली असते. पण त्याच अभ्यासात पुढे असंही आहे की आरसे आणि आजूबाजूची वाहतूक बघण्यासाठी टाकलेल्या थोडक्या नजरांनी धोका वाढत नाही, उलट कमी होतो. हे वाक्य ट्रेनिंगच्या व्हिडिओत कुणी दाखवत नाही. युरोपात जुलै 2024 पासून नव्या मॉडेलच्या गाड्यांना लक्ष विचलित झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली, तिचाही मुख्य रोख खाली गेलेल्या नजरेवर आहे, म्हणजे मांडीवरच्या फोनवर. ताशी 50 किलोमीटरच्या वर साडेतीन सेकंद, त्याखाली सहा सेकंद, मग इशारा. आमची बाई एवढं थांबत नाही. तिला खाली आणि बाजूला यातला फरकच कळत नाही असं माझं ठाम मत होतं.

मत होतं म्हणालो, कारण मध्ये एक गोष्ट झाली.

कंत्राटदाराच्या ऑफिसात मी डबीने चूक म्हणून पकडलेल्या प्रत्येक क्लिपवर हरकत घ्यायचा सपाटा लावला होता. सुपरवायझरचं ठरलेलं उत्तर, ‘दादा, सिस्टीमने पकडलंय म्हणजे काहीतरी असेल ना.’ कॅमेऱ्याच्या सर्व्हिसला फोन केला की ते म्हणायचे कंत्राटदाराकडून तक्रार येऊ द्या, कंत्राटदार म्हणायचा तुम्हीच फोन लावा. शेवटी दुसऱ्या एका गाडीची डबी बंद पडली म्हणून टेक्निशियन आला होता, त्याला मी चहाच्या सुट्टीत धरून माझ्या गाडीत बसवलं. त्याने डबीकडे बघितलं, मग सीटकडे, आणि विचारलं, ‘ही गाडी आधी कोण चालवायचं?’ आधीचा ड्रायव्हर माझ्यापेक्षा चांगला वीतभर उंच. कॅलिब्रेशन, म्हणजे ‘सरळ बघणं’ कशाला धरायचं ते डबीला शिकवणं, त्याच्या बसण्यावर झालेलं. माझी सीट पुढे आणि मान खाली, त्यामुळे डबीच्या हिशेबात मी सरळ बघतानाच थोडा वाकडा असायचो, त्यात आरशाकडे वळलो की हद्दीबाहेर. शिवाय डबी चिकटपट्टीवर जराशी फिरलेली होती. त्याने ती उपटून सरळ लावली, मला नेहमीसारखं बसवलं, फोनवरच्या अ‍ॅपमध्ये काहीतरी दाबलं आणि म्हणाला आता थोडा वेळ सरळ रस्त्यावर चालवा, ती शिकेल.

शिकली. आरशाचे इशारे एकदम बंद झाले नाहीत, पण भरपूर कमी झाले. आता भर रहदारीत शिरताना आरशावर नजर जरा जास्त रेंगाळली तरच बोलते. तेव्हा डबीला सरसकट शिव्या घालणं मी थांबवलंय. शिव्या आता बसवणाऱ्यांना. आमच्याकडे गाड्या रोज बदलतात, आज ही व्हॅन, उद्या ती. माणूस बदलला की कॅलिब्रेशन कोण करणार याचं उत्तर कुणाकडेच नाही. आणि डबी वाकडी होती हे टेक्निशियनने लिहून दिलेलं असूनही जुने मार्क मात्र तसेच.

मधल्या काळात काय झालं तेही सांगायला हवं. आमच्या हबवरची निम्मी पोरं आरसा चोरून बघायला शिकली. मान सरळ, डोळे तिरके. त्यात पलीकडच्या आरशाचा अर्धाच भाग दिसतो आणि तिथेच नेमकी दुचाकी लपते. म्हणजे सुरक्षेसाठी लावलेल्या कॅमेऱ्यामुळे माणसं आरसा कमी बघतायत. कंत्राटदाराला हे सांगितलं तर तो स्कोअरचा कागद दाखवतो, ‘बघा, सगळ्यांचे मार्क सुधारलेत.’ सुधारणारच!

बाकीचं भराभर. पेंग ओळखणं चांगलं आहे, मनापासून सांगतो. पापण्या ठराविक वेळात किती काळ मिटलेल्या होत्या हे मोजण्याची पद्धत 1990 च्या दशकापासून आहे, आणि रात्रीच्या शिफ्टला तिने मला खरोखर एकदा जागं केलंय. तेव्हा त्या बाईचा आवाज अजिबात खुपला नाही. अंधारात चेहरा दिसावा म्हणून डबी इन्फ्रारेड दिवे लावते, त्यामुळे काही काळे चष्मे तिला आरपार दिसतात आणि काही ठार काळे. माझ्या चष्म्यात तिला डोळे दिसत नाहीत. डोळे दिसले नाहीत की ती नुसत्या मानेवरून अंदाज बांधते आणि परत आरशाची कटकट सुरू. नवा चष्मा घ्या असा सल्ला मिळाला. माझ्या पैशाने, अर्थात.

पुढच्या गाडीपासूनचं अंतर ती सेकंदांत मोजते, ते बरोबर. पण मी अंतर सोडलं की त्यात कुणीतरी घुसतं, आणि घुसणाऱ्याचा दोष माझ्या नावावर. पिवळ्या दिव्याला जोरात ब्रेक दाबला तर ‘हार्श ब्रेकिंग’, नाही दाबला तर सिग्नल तोडल्याचा ठपका. सीटबेल्टचं तर बोलूच नका, चार घरं पुढे गाडी सरकवायची तरी बेल्ट. बेल्टबद्दल तक्रार नाही, तक्रार ही आहे की एका शिफ्टमध्ये पार्सलांचे थांबे किती कोंबायचे हे जे ठरवतात त्यांच्या टेबलावर कुठलीच डबी नाही.

आणि अजून एक, जे मला बसवताना कुणी सांगितलं नाही. पार्सल द्यायला उतरलो असताना मागून एकाने व्हॅनला घासलं. म्हटलं चला, कॅमेरा आहे. तर इंजिन बंद झालं की थोड्या वेळात आमची डबी झोपते, पार्किंग मोड (उभ्या गाडीतही रेकॉर्डिंग) बंद ठेवलाय, बॅटरी उतरते म्हणून. चालत्या गाडीतही धक्का ठरलेल्या मर्यादेच्या खाली असेल तर क्लिप अपलोड होतच नाही, आतल्या कार्डावर राहते आणि नवीन रेकॉर्डिंग त्यावर चढत जातं. काही झालं की डबीवरचं बटण लगेच दाबायचं, तरच ती क्लिप जपली जाते. मी आता कुणी कट मारला तरी बटण दाबतो. सुपरवायझर वैतागलाय, एवढ्या क्लिप कोण बघणार म्हणतो. माझ्या चुकांच्या क्लिप बघायला मात्र वेळ असतो.

ज्यांच्या गाडीत नवीन डबी बसतेय त्यांनी एवढं करा. टेक्निशियन जायच्या आत स्वतःच्या सीटवर, स्वतःच्या चष्म्यासकट बसा आणि कॅलिब्रेशन तुमच्यावर करून घ्या. मग दोन्ही आरशांत नेहमीसारखं बघा, बाई बोलली तर तिथल्या तिथे डबी सरळ करायला लावा. त्याच्या कामाच्या कागदाचा फोटो काढून ठेवा, माझ्याकडे फोटो आहे म्हणून तरी अपील दाखल झालं. अपीलची स्थिती अ‍ॅपमध्ये अजून ‘तपासणीत’ दाखवतंय, आणि सोमवारी मी परत ऑफिसात जाणार आहे.