सांगलीतला कथक क्लास: शिकवणी उत्तम, फरशी वाईट

टाचदुखीपासून सुरुवात करावी लागतेय. तत्कार, म्हणजे बोलांवर पाय आपटण्याचा सराव, संपला की मुलं टाच धरून बसतात आणि क्लासचं उत्तर ठरलेलं, "सवय होईल." कशी होईल? साधारण ८ ते १४ वयात टाचेच्या हाडाचा वाढता भाग अजून कूर्चेचा असतो. वरून पोटरी ओढते, खालून काँक्रीटवर बसवलेली टाइल दणका जसाच्या तसा परत देते. अनवाणी पाय तासाभरात शेकडो वेळा आपटतो. वर्षाची फी एकरकमी घेता, मग खाली लाकूड का नाही? सतरंजी सरकते. फोमच्या मॅटवर पाय रुततो, घोटा मुरगळतो, नादही येत नाही. रबरी शीटवर १८ मिलिमीटरचं प्लाय, एवढं पुरे.

शिकवणीबद्दल मात्र मत बदललं. नुसता ठाय (संथ) लयीतला तत्कार म्हणजे पैसे पाण्यात, असं आधी वाटायचं. खरी किंमत त्यातच आहे. 'ता थेई थेई तत्' उजवा-डावा-उजवा-डावा. 'आ थेई थेई तत्' डाव्यानेच सुरू. म्हणजे 'तत्' आणि 'आ'ला डावा लागोपाठ दोनदा. 'तत्' मारताना वजन उजव्यावर राखलं नाही तर डावा परत उचलताच येत नाही, आणि मूल बिनदिक्कत उजवा मारून मोकळं होतं. ही चूक हात कमरेवर ठेवून, तोंडाने बोल म्हणतच सुटते, दुगुणीत, म्हणजे दुप्पट वेगात, लपते. एका पायावर तोल धरणं, मनात आलेली हालचाल ऐनवेळी थांबवणं, दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवणं, सगळं त्या एका जागी घोटलं जातं. लंगडीत फरक दिसतो. अक्षर सुधारेल ही आशा नको. बोटांचा सराव वेगळा.

मिरजेच्या गांधर्व मंडळाच्या प्रारंभिक (पहिल्या पायरीच्या) परीक्षेची घाई करणाऱ्या पालकांनी ठाय लय सोडायला लावू नये.

दिवाळीनंतरची भर: गॅदरिंगसाठी तत्कार बंद, सिनेमाचं गाणं सुरू, ड्रेसचं भाडं वेगळं. एक तारा तिथेच कमी केला. पण अर्ध्या हॉलमध्ये प्लाय आलं! टाचेची कुरकुर स्पष्ट कमी आहे. कडा मात्र उघड्याच आहेत, चक्कर घेताना अंगठ्याला ठेच लागते. उतरती पट्टी ठोका आणि उरलेला हॉलही झाका, तो तारा परत देईन.