'आठवत नाही' नावाची ओळ: वही आणि पाकिटांवर कर्ज फेडतानाचे वीस महिने

हा अनुभव कुठल्या अ‍ॅपचा नाही. एक दोनशेपानी आखीव वही, एकेका खर्चाची रोख वेगळी ठेवायला सहा जुनी पाकिटं आणि रविवारी रात्रीचा अर्धा तास, एवढ्याच सामग्रीचा आहे. त्याआधी दोन अ‍ॅप वापरून झाली होती. दोन्ही खर्चाची आपोआप वर्गवारी करायची, रंगीत चकत्या दाखवायची, आणि मी त्या चकत्यांकडे दुसऱ्या कुणाचा तरी पगार बघावा तशी बघत बसायचे. स्वतःच्या हाताने आकडा लिहिताना जो चटका बसतो, तो तिथे बसत नव्हता.

आधी परिस्थिती सांगते. रकमा सांगत नाही, त्या प्रत्येकाच्या वेगळ्या. आमची दोघांची मिळून महिन्याची मिळकत १०० धरा. घरकर्ज सोडून बाकीचं देणं ६५० होतं, म्हणजे साडेसहा महिन्यांची अख्खी कमाई. त्यात कार्डाची थकबाकी १८०, व्यक्तिगत कर्ज ३४०, हप्त्यावर घेतलेल्या दोन वस्तूंचे मिळून ७० आणि माझ्या दादाकडून घेतलेले हातउसने ६०. आज दादाचे फिटले, वस्तूंचे फिटले, कार्ड शून्यावर आहे आणि व्यक्तिगत कर्ज पाऊण महिन्याच्या मिळकतीवर आलं आहे. मिळकत या काळात वाढली नाही.

वहीची पद्धत मी मूळ जपानी काकेबोवरून घेतली. हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली ही घरगुती जमाखर्चाची वही प्रचारात आणली. महिन्याच्या सुरुवातीला हातात किती येणार ते लिहायचं, बाजूला किती टाकायचं ते ठरवायचं आणि उरलेल्यात भागवायचं. खर्चाचे रकाने चार: गरज, हौस, मनाची मशागत म्हणजे पुस्तकं-नाटकं वगैरे, आणि अवचित आलेला खर्च. मी त्यात पाचवी एक ओळ घातली, 'आठवत नाही'. रविवारी पाकिटातले पैसे मोजायचे, खात्याचा उतारा बघायचा, आणि जे कुठे गेलं ते दोघांनाही सांगता येत नाही ते या ओळीत टाकायचं.

पहिल्या महिन्यात त्या ओळीत ९ लिहिले. शंभरातले नऊ! नवऱ्याने दोनदा बेरीज केली. मग म्हणाला, "अगं, तू काहीतरी दोनदा वजा केलंयस." केलं नव्हतं.

मला वाटलं, सापडलं, हे नऊ वाचवले की झालं. ती समजूत पुढे खोटी ठरली, पण तिच्यापायी तिसऱ्या महिन्याची फजिती झाली, ती आधी सांगते. उत्साहाच्या भरात हौसेचा रकाना मी शून्यावर आणला. अठरा दिवस निभावलं. एकोणिसाव्या दिवशी नवऱ्याने महिन्याच्या हौसेएवढी एक वस्तू मागवली, मला न सांगता, आणि कार्डावर. मला कळलं ते रविवारी, उतारा बघताना. त्यावरून जे वाजलं ते इथे लिहीत नाही. पुढचे दोन आठवडे वही उघडलीच नाही. नंतर ठरलं की दोघांना दरमहा दोन-दोन 'बिनहिशोबी' द्यायचे. त्यांचं काय केलं ते कुणी विचारायचं नाही आणि वहीत एकच आकडा लिहायचा. पुढच्या सतरा महिन्यांत ही तरतूद आम्ही एकदाही कापली नाही. वही टिकली ती याच चार रुपड्यांवर, असं माझं मत. ज्यांची वही महिन्या-दोन महिन्यांत बंद पडते, त्यांनी आपला हौसेचा रकाना आधी बघावा.

आता व्याज. इथे मी स्वतःला शहाणी समजायचे आणि इथेच सगळ्यात जास्त फसलेली निघाले. कार्डाच्या बिलावर 'किमान देय' असा एक गोड आकडा असतो. आम्ही तो इमानेइतबारे भरत होतो आणि आपण कर्ज फेडतोय या भ्रमात होतो. एका रविवारी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. समजा थकबाकी १००, व्याज दरमहा ३ टक्के, किमान भरणा ५ टक्के, नवी खरेदी शून्य. बारा महिने एकाखाली एक लिहीत गेले. वर्षाअखेर भरले ५५ आणि उरले ७७. पंचावन्न भरून तेवीसच कमी! मधले बत्तीस व्याजात गेले. महिना ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६ असं आपण तोंडी म्हणतो, पण चक्रवाढीने ते साडेबेचाळीसच्या वर जातं. शिवाय थकबाकी डोक्यावर असताना कार्डावर नवं काही घेतलं, तर एरवी मिळते ती बिनव्याजी मुदत बहुधा मिळत नाही, व्याज खरेदीच्या दिवसापासूनच लागतं. म्हणजे आम्ही आठवड्याचं घरसामान व्याजाने घेत होतो. त्या रात्री कार्ड एका पाकिटात घालून पाकीट चिकटवून टाकलं.

व्यक्तिगत कर्जाचा धडा वेगळा. ते घेताना '१२ टक्के फक्त' ऐकून आम्ही खूश झालो होतो. तो दर फ्लॅट होता. फ्लॅट म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत जाता तरी व्याज शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवरच मोजतात. तीन वर्षांच्या मुदतीला १२ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीच्या, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज मोजण्याच्या हिशोबाने सुमारे २१ टक्के. दोन कर्जांच्या दरांची तुलना करताना दोन्ही एकाच पद्धतीचे आहेत ना, एवढा प्रश्न विचारला असता तर बरं झालं असतं. तेव्हा सुचला नाही.

कोणतं देणं आधी फेडायचं, यावर दोन पंथ आहेत. एक म्हणतो लहान रक्कम आधी उडवा, म्हणजे हुरूप येतो. त्याला स्नोबॉल म्हणतात. दुसरा म्हणतो सगळ्यात जास्त व्याजाचं आधी, ते अ‍ॅव्हलाँच. गणित दुसऱ्याच्या बाजूने आहे, त्यात वाद नाही. पण आम्ही भेसळ केली. दोनांतली लहान वस्तू पहिल्या दोन महिन्यांत मोकळी केली, केवळ एक ओळ वहीतून खोडता यावी म्हणून. मग सगळा जोर कार्डावर. बाकीच्यांचे ठरलेले हप्ते चालू ठेवायचे आणि जे काही जास्तीचं निघेल ते कार्डाला. वीसच्या आसपास दरमहा गेले की कार्ड अकरा महिन्यांत संपतं असं गणित सांगत होतं, आम्हाला तेरा लागले. शून्य झाल्यावर पुढच्या महिन्यात पुन्हा एक छोटं बिल आलं. घाबरू नका, ते बिलाच्या तारखेपासून पैसे पोचेपर्यंतचं व्याज असतं. पण तेही भरा, नाहीतर त्याच्यावर दंड चढतो.

दादाच्या पैशांना व्याज नव्हतं, म्हणून कागदावर ते शेवटी. कार्ड संपल्यावर मी ते व्यक्तिगत कर्जाच्या आधी घेतले, आणि कुठल्याही पंथात बसत नसलं तरी पुन्हा तेच करीन. तो कधीच बोलला नाही. "होईल तेव्हा दे गं," एवढंच. पण उसने घेतल्यापासून मी त्याला फोन करणं कमी केलं होतं. वहिनीने नवं काही घेतल्याचं सांगितलं की मला उगाच वाटायचं, यांचे पैसे आपल्याकडे अडकलेले नसते तर आणखी बरं घेतलं असतं. तीन महिन्यांत साठ दिले. शेवटचा हप्ता पाठवला त्या दिवशी तासभर फोनवर बोललो, पैशांचा विषयच निघाला नाही.

आता वर अर्धवट सोडलेला मुद्दा. 'आठवत नाही'ची ओळ सहा महिन्यांत नवावरून दोनावर आली, पण कर्ज उतरण्याचं खरं कारण ते नव्हतं. खरं कारण 'अवचित' या रकान्यात सापडलं. सहाव्या महिन्यात मी तो रकाना वेगळा काढला आणि मागच्या बारा महिन्यांचे खात्याचे उतारे शेजारी ठेवले. विम्याचा हप्ता. शाळेची फी. गाडीची सर्व्हिसिंग, टायर. नात्यातल्या लग्नाचा आहेर. चष्मा. बंद पडलेलं धुण्याचं यंत्र. यातला एकही खर्च अवचित नव्हता. विम्याची तारीख तर पॉलिसीवर छापलेली असते! दरवर्षी येणारे हे पाहुणे आम्हाला दरवर्षी नवे वाटायचे, आणि दरवर्षी त्यांची सरबराई कार्डावर व्हायची. सगळ्यांची बेरीज करून बाराने भागली, महिन्याला ९ आले. योगायोग असा की आकडा पुन्हा तोच, नऊ.

म्हणजे आमचं महिन्याचं बजेट जमत होतं, वर्षाचं जमत नव्हतं. त्यानंतर 'वर्षाचं' नावाचं सातवं पाकीट केलं आणि दर महिन्याला नऊ त्यात. कर्ज डोक्यावर असताना पैसे बाजूला ठेवायचे हे नवऱ्याला पटेना. "अगं, तिकडे बेचाळीस टक्क्यांनी व्याज चढतंय आणि तू पाकिटात पैसे दाबून ठेवतेस?" गणिताने त्याचं बरोबर होतं. पण पाकीट नसताना तेच नऊ कार्डावरच जाणार होते, हे मागच्या वर्षीच्या उताऱ्याने दाखवलं. त्या महिन्यापासून कार्डाचा आकडा एकदाही वर गेला नाही. आधी तो दोन पावलं खाली, एक पाऊल वर असा चालायचा.

पाकिटांबद्दल मात्र तक्रारी आहेत. रोख मोजून देताना हात आखडतो हे खरं. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या दोन संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सामन्याच्या तिकिटांसाठी कार्डाने पैसे द्यायचे असलेल्यांची बोली रोखवाल्यांच्या बरीच वर गेली होती. माझा अनुभव त्याहून वेगळा नाही. पण निम्मी बिलं आता फोनवरूनच भरावी लागतात, सुट्ट्यांचा घोळ होतो, आणि पाकिटा-पाकिटांत उसनवारी सुरू होते. दुरुस्तीच्या पाकिटाने घरसामानाच्या पाकिटाला लिहून दिलेल्या चिठ्ठ्या माझ्याकडे अजून आहेत. एकदा एक भरलेलं पाकीट मी इतकं जपून ठेवलं की दीड महिन्याने मुलीच्या जुन्या वह्यांत सापडलं. शेवटी 'वर्षाचं' पाकीट दुसऱ्या बँक खात्यात हलवलं. पगाराच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप तिकडे जाते, आणि त्या खात्याचं कार्ड आम्ही घेतलंच नाही. रोखीची पाकिटं आता तीनच उरली आहेत: घरसामान, बाहेरचं खाणं आणि बिनहिशोबी.

काटकसरीनेही दोनदा दगा दिला. दात दुखत होता, "या महिन्यात नको" करत तीन महिने काढले. साध्या भरणीचं काम रूट कॅनालवर गेलं. आणि स्वस्त मिळतंय म्हणून घाऊक आणलेल्या सामानापैकी बरंच टाकून द्यावं लागलं. ते दोन्ही आकडे वहीत लाल पेनाने आहेत.

व्यक्तिगत कर्ज आता एकरकमी मोकळं करण्याचा विचार आहे. मुदतीआधी फेडायचं शुल्क किती लागतं ते आधी लेखी मागवलंय. उरलेलं व्याज त्याहून कमी भरत असेल तर घाई करण्यात अर्थ नाही. फेडल्यावर कर्ज संपल्याचा दाखलाही मागून घ्यायचा आहे.

कुणाला सुचवीन? मिळकत थोडीफार ठरलेली आहे, पोटापुरतं भागून काही उरतं पण ते कुठे जातं कळत नाही, अशांना नक्की. ज्यांची मिळकत मूळ गरजांनाही पुरत नाही त्यांना वही काय शिकवणार? त्यांनी हप्ते थकण्याआधीच कर्ज देणाऱ्याकडे जाऊन मुदत वाढवून मागणं जास्त उपयोगाचं. आणि घरातल्या दोघांपैकी एकच लिहिणार असेल तर सुरू करू नका, तो दुसऱ्यावरचा पहारा होतो. पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा पाकिटांच्या घोळासाठी कापला, एक त्या तिसऱ्या महिन्यासाठी.

गेल्या रविवारी 'आठवत नाही'च्या ओळीत पहिल्यांदा शून्य आलं. मी ते जरा मोठ्या अक्षरात लिहिलं. नवरा बराच वेळ वहीकडे बघत बसला, मग म्हणाला, "खरं सांगू का? दीडचा पत्ता लागत नव्हता. मी तो माझ्या बिनहिशोबीत ढकलला."

शून्य खोडून दीड लिहिला.