रीपर : गाणाऱ्या-वाजवणाऱ्या नवशिक्यासाठी

संगणकावर संगीत करू पाहणाऱ्या नवशिक्याला बहुतेक जण एफएल स्टुडिओ हे सॉफ्टवेअर सुचवतात, आणि मॅक असेल तर गॅरेजबँड. बीट रचण्याची हौस असलेल्यांसाठी हा सल्ला योग्यच आहे. मात्र ज्याला स्वतःचा गळा, पेटी किंवा तबला मुद्रित करायचा आहे आणि ज्याच्याकडे साधा विंडोज लॅपटॉप आहे, त्याने आधी कॉकोस कंपनीचे रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर पाहावे, असे माझे मत आहे. संगणकावर गाणी वाजवणारे विनॅम्प घडवणारे जस्टिन फ्रँकेल यांनीच हे सॉफ्टवेअर सुरू केले. ते इतके हलके आहे की जुन्या यंत्रावरही कुरकुर न करता चालते.

रीपर पहिल्यांदा उघडल्यावर मात्र निराशा होण्याची शक्यता आहे. त्यात तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचे छोटे तुकडे) नाहीत, पियानो नाही, तबला तर नाहीच. मिडी कीबोर्ड जोडून पट्टी दाबली तरी आवाज येत नाही, कारण मिडी म्हणजे ध्वनी नव्हे, ती एक प्रकारची स्वरलिपी आहे: कोणता स्वर, किती जोराने, किती वेळ, एवढेच त्यात नोंदलेले असते आणि ते वाजवणारे वाद्य प्लगइनच्या (सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या) रूपाने आपल्यालाच बसवावे लागते. ही गैरसोय खरीच. पण तयार वाद्यांनी भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षभर काम करूनही अनेकांना हा फरक उमगत नाही, तो येथे पहिल्याच संध्याकाळी कळतो.

ध्वनिमुद्रणात रीपरचा खरा कस दिसतो. ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) जोडून त्याचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे विंडोजवर कमी विलंबाने ध्वनी नेणारा दुवा, निवडावा, ध्वनीचा दर्जा 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिट ठरवावा आणि बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो ध्वनीचा तुकडा, 256 सॅम्पलवर ठेवून पाहावा. इतक्या बफरने एका बाजूला साधारण 5 मिलिसेकंदांचा विलंब होतो आणि जाऊन-येऊन तो 10 च्या वर जातो, तरी बहुतेकांना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकत गाता येते. पातळीचे शिखर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्यावे. 24 बिटमध्ये कमी पातळीचे मुद्रण नंतर वाढवता येते, पण इंटरफेसमध्येच शून्य डेसिबलच्या कमाल मर्यादेवर फाटलेला स्वर पूर्ववत होत नाही. पंख्याची घरघर कमी करण्यासाठी सोबत मिळणारे रीईक्यू (ReaEQ) आणि रीफिर (ReaFIR) हे प्लगइन पुरेसे आहेत, अर्थात पंखा बंद करणे हा त्याहून चांगला उपाय आहे.

आपल्या संगीतासाठी दोन सोयी मला विशेष मोलाच्या वाटतात. काळी पाचमधली साथ काळी चारमध्ये हवी असल्यास त्या तुकड्याच्या गुणधर्मांत उणे 2 सेमीटोन लिहिले की लय न बदलता काम होते. तसेच स्वर न हलवता लय धीमी करून अवघड तान घोटता येते. दुसरी सोय तालाची. प्रकल्पाला 7 मात्रा देता येतात आणि मेट्रोनोमच्या ठोक्यांचा क्रमही ठरवता येतो. रूपक तालाची सम टाळीवर नसून ‘खाली’च्या मात्रेवर असते हे मेट्रोनोमला ठाऊक नसल्याने जोराचा ठोका चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर आपणच नेमून द्यायचा.

मेनूंची गर्दी हा मोठा दोष आहे. एकाच गोष्टीचे चार मार्ग आणि प्रत्येक मार्गावर दहा पर्याय, यामुळे शिकणारा गोंधळतो. सुरुवातीला मुद्रण, कापणे, आवाजाची पातळी आणि रेंडर (तयार गाण्याची फाइल काढणे) यापलीकडे पाहूच नये. मुद्रण सुरू करण्याआधी प्रकल्पाला स्वतंत्र फोल्डर देऊन तो जतन करावा, नाहीतर ध्वनिफिती एका सामाईक फोल्डरमध्ये साचतात आणि पुढे कोणती कशाची हे ओळखता येत नाही.

सर्व सुविधांसह 60 दिवस वापरून पाहण्याची मुभा आहे. त्यानंतर वैयक्तिक वापराचा परवाना 60 डॉलरला मिळतो, आणि सातव्या आवृत्तीसाठी घेतलेला परवाना 8.99 पर्यंत चालतो. मुदत संपली तरी सॉफ्टवेअर बंद पडत नाही, उघडताना फक्त पैशांची आठवण करून देणारी एक खिडकी समोर येते.