एचडी डिस्क घरी बनवली, पण प्लेअर मानेल तर शपथ

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेले इथूनच सटकू शकतील. कॅमेऱ्यातलं किंवा मोबाईलमधलं शूटिंग टीव्हीखालच्या ब्लू-रे प्लेअरवर फुल एचडीत बघायचं असेल तर टीएसमक्सर (फाइली ब्लू-रेच्या फोल्डरात रचणारा प्रोग्रॅम) आणि इमगबर्न (डिस्क लिहिणारा) ही फुकट जोडी, मोबाईलसाठी वर फुकटचा एक्स२६४, एक ब्लू-रे रायटर आणि कोरी बीडी-आर (एकदाच लिहिता येणारी ब्लू-रे डिस्क) एवढ्यात काम होतं, पैसे मोजून सॉफ्टवेअर घ्यायची काही गरज नाही. बीडी-आरला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. साध्या कोऱ्या डीव्हीडीवर एचडी कोंबून चालवायचा जो प्रकार आहे त्याला अडीच, आणि तेही चालली तर खरंच झकास दिसते म्हणून, नाहीतर दीडच दिले असते.

डीव्हीडीपासूनच सुरू करतो कारण सगळ्यांना मोह तिचाच होतो. घरात कोऱ्या डीव्हीडींची थप्पी पडलेली असते, रायटर असतो, मग वाटतं की फाइल तर एचडी आहे, टाकू की तिच्यावर. होतं सुद्धा. सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ मध्ये एव्हीसीएचडी हे एचडी रेकॉर्डिंगचं स्वरूप आणलं ते कॅमेऱ्यांसाठीच, आणि त्यात साध्या डीव्हीडीवर एचडी व्हिडिओ लिहायची सोय आहे. पण दोन गोष्टी लोक विसरतात. एक म्हणजे ही डिस्क साध्या डीव्हीडी प्लेअरवर चालत नाही, कितीही डोकं आपटा. लेझर तिला वाचू शकतो हो, पण आतल्या चिपला फक्त एमपीईजी-२ वालं जुनं लहान चित्र कळतं, एच.२६४ या नव्या पद्धतीने दाबलेलं १०८० ओळींचं चित्र उलगडणं तिच्या आवाक्यातलं नाही. म्हणजे प्लेअर ब्लू-रेच लागतो, आणि ब्लू-रे प्लेअर घरात असेल तर डीव्हीडीवर जीव कशाला काढायचा हा प्रश्न आपोआप येतोच. दुसरं म्हणजे जागा. डीव्हीडीवर एव्हीसीएचडीची मर्यादा १८ एमबीपीएस (सेकंदाला १८ मेगाबिट, यालाच बिटरेट म्हणतात), आणि ४.७ जीबीच्या डिस्कवर त्या वेगाने बसतात जेमतेम ३५ मिनिटं. अर्ध्या तासाचा कार्यक्रम असेल तर ठीक, दोन तासांचं शूटिंग असेल तर चार डिस्क बदलत बसा नाहीतर बिटरेट इतका खाली आणा की एचडीची मजाच जाते, झाडाची पानं हलली किंवा कॅमेरा जरा जोरात फिरवला की चित्रात चौकोन चौकोन दिसायला लागतात. ८.५ जीबीची दोन लेयरवाली डीव्हीडी घेतली तर वेळ वाढतो पण लेयर बदलताना काही प्लेअर क्षणभर अडखळतात.

आणि एवढं करून प्लेअर घेईलच असं नाही!! ब्लू-रेच्या फोल्डरची रचना साध्या डीव्हीडीवर टाकली की तिला लोक बीडी-५ म्हणतात, दोन लेयरवाली असली की बीडी-९. अशी घरी लिहिलेली डीव्हीडी वाचायलाच पाहिजे असं बंधन प्लेअर बनवणाऱ्यांवर नाही, त्यामुळे एक प्लेअर गपगुमान चालवतो आणि त्याच कंपनीचा पुढचा मॉडेल तोंड फिरवतो. माझ्याकडच्या एका प्लेअरमध्ये (कंपनीचं नाव राहू दे) ट्रे आत गेला की समोर रीडिंग येतं, डिस्क घुंईऽऽ करून फिरते, थांबते, परत फिरते, आणि मग शांतपणे पाटी येते की ही डिस्क चालणार नाही. तीच डिस्क काढून दुसऱ्या खोलीतल्या जुन्या प्लेअरला लावली की पाच-सात सेकंदात चित्र हजर. म्हणजे डिस्कमध्ये खोट नाही, लिहिण्यात खोट नाही, प्लेअरची मर्जी नाही एवढंच. म्हणून डीव्हीडीवालं काम करायचंच असेल तर प्लेअरच्या खोक्यावर किंवा मॅन्युअलमध्ये एव्हीसीएचडीचा लोगो आहे का ते बघा, आणि टीएसमक्सरमध्ये आउटपुट निवडताना ब्लू-रे न निवडता एव्हीसीएचडी निवडा. प्लेअरला ते पटायची शक्यता बरीच वाढते.

आता बीडी-आर. इथे मात्र मी खूश आहे. २५ जीबी जागा, म्हणजे २५ एमबीपीएसच्या झकास बिटरेटला सुद्धा जवळपास सव्वादोन तास. ४एक्स वेगाने पूर्ण डिस्क लिहायला साधारण २३ मिनिटं, वर व्हेरिफायचा, म्हणजे लिहिलेलं तपासायचा, वेळ वेगळा (व्हेरिफाय करा, कंटाळा करू नका). प्लेअरला ती ओळखीची वाटते, रीडिंगचं नाटक कमी होतं, रिमोटने पुढे-मागे सरकवलं तरी लगेच ऐकते. टीएसमक्सर दर पाच मिनिटांनी चॅप्टर टाकून देतो ते इतकं कामाचं आहे की मेनू नसल्याचं वाईट वाटत नाही. हो, मेनू नाही, डिस्क घातली की थेट व्हिडिओ सुरू. ज्यांना फोटो-बिटोवाला मेनू हवाच त्यांच्यासाठी मल्टीएव्हीसीएचडी नावाचा जुना फुकट प्रोग्रॅम आहे पण त्यातली बटणं आणि टॅब बघूनच माणूस दमतो, मी तरी सुचवणार नाही.

टीएसमक्सरचं सगळ्यात मोठं कौतुक हे की तो व्हिडिओला हातच लावत नाही. एव्हीसीएचडी कॅमेऱ्यातल्या फाइली सहसा आधीच ब्लू-रेच्या भाषेत असतात, त्या फक्त उचलून योग्य फोल्डरमध्ये नीट रचायच्या, पुन्हा एन्कोड (व्हिडिओ नव्याने दाबणं) नाही, क्वालिटीत काडीचा फरक नाही, आणि काही मिनिटांत काम खलास. कॅमेरे लांब शूटिंगचे २ किंवा ४ जीबीचे तुकडे करतात, ते तुकडे इथे एकामागे एक जोडून घ्यायचे, नाहीतर प्लेअरवर प्रत्येक सांध्याला हलकीशी गचकी बसते आणि नेमकं कोणीतरी बोलत असताना शब्द कापला जातो. एक लक्षात ठेवा, कॅमेऱ्यात २४ एमबीपीएसचा मोड वापरला असेल तर ते फुटेज जसंच्या तसं डीव्हीडीवर जाणार नाही, १८ च्या वर गेलं ना. बीडी-आरवर बिनधास्त.

मोबाईलचं शूटिंग ही मात्र वेगळीच भानगड आहे आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. मोबाईल सहसा १०८०पी मध्ये (पी म्हणजे प्रोग्रेसिव्ह, प्रत्येक फ्रेम पूर्ण) सेकंदाला ३० फ्रेम घेतो. ब्लू-रेच्या नियमात १०८०पी ला २४ किंवा २३.९७६ चालतात, ३० नाही, २५ पण नाही! १०८० मध्ये २५ किंवा २९.९७ हवे तर ते इंटरलेस्ड (आलटून-पालटून अर्ध्या ओळी दाखवणारं चित्र) म्हणूनच. ६० फ्रेमवालं असेल तर ७२०पी ला ५९.९४ चालतं. वर मोबाईलचा फ्रेमरेट मध्येच वरखाली होतो, आवाज एएसी नावाच्या प्रकारात असतो जो ब्लू-रेत चालतच नाही, आणि बरेच नवीन फोन एचईव्हीसी या एच.२६४ नंतरच्या पद्धतीत रेकॉर्ड करतात, ते तर साध्या ब्लू-रे प्लेअरच्या बापजन्मात नाही. म्हणजे इथे पुन्हा एन्कोड केल्याशिवाय सुटका नाही. फ्रेमरेट स्थिर २९.९७ करून घ्या, एक्स२६४ मध्ये (हा एच.२६४ मध्ये एन्कोड करणारा प्रोग्रॅम) फेक-इंटरलेस्ड नावाचा पर्याय आहे तो लावा, त्याने चित्र पूर्ण प्रोग्रेसिव्हच राहतं फक्त वर इंटरलेस्डचं लेबल लागतं आणि प्लेअर खूश. आवाज एसी-३ (डॉल्बी डिजिटल) मध्ये. ज्यात हालचाल खूप आहे, म्हणजे पोरांची धावपळ, खेळ वगैरे, आणि शूटिंग ६० फ्रेमचं आहे, त्याला मी ७२०पी च करतो, रिझोल्यूशन कमी झालं तरी हालचाल इतकी गुळगुळीत दिसते की सोफ्यावर बसून कोणाला कळत नाही. आणि मोबाईल उभा धरून काढलेला व्हिडिओ असेल तर तो आधी एडिटरमध्ये सरळ करून, बाजूला काळ्या पट्ट्या टाकून घ्या, कारण फोनने फाइलमध्ये लिहिलेली फिरवायची खूण डिस्कवर येत नाही आणि मग टीव्हीवर सगळी मंडळी आडवी झोपलेली दिसतात.

एन्कोडचे बाकीचे आकडे पटकन सांगतो. हाय प्रोफाइल, लेव्हल ४.१, रेफरन्स फ्रेम (ज्यांच्या आधारे बाकीच्या फ्रेम बनतात) जास्तीत जास्त ४, की-फ्रेम (स्वतःत पूर्ण असलेली फ्रेम) दर सेकंदाला, व्हिडिओचा बिटरेट ४० एमबीपीएसच्या आत, आणि एक्स२६४ चा ब्लू-रे कॉम्पॅटचा पर्याय चालू. टीएसमक्सरमध्ये लेव्हल बदलून ४.१ करायची एक खिडकी आहे, तिच्यावर भाळू नका. ती फक्त वरची पाटी बदलते, आतला माल तोच राहतो. नेटवरून आणलेल्या टिपा वाचून लोक लेव्हल ५.१ ची, १६ रेफरन्स फ्रेमची फाइल घेतात, पाटी ४.१ करतात, कॉम्प्युटरवर व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या प्रोग्रॅममध्ये मस्त चालते आणि प्लेअरवर दोन मिनिटांनी हिरवा-गुलाबी चिखल. व्हीएलसीत चालणं हा पुरावाच नाही, व्हीएलसीत काहीही चालतं.

इमगबर्नबद्दल फार बोलायची गरज नाही. २.५.८.० ही शेवटची आवृत्ती २०१३ ची, दिसायला तशीच जुनाट, पण काम चोख. टीएसमक्सरने बनवलेला बीडीएमव्ही फोल्डर दिसला की स्वतःच विचारतो की फाइल सिस्टम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) यूडीएफ २.५० करू का, गुमान हो म्हणायचं. बऱ्याच जणांच्या डिस्क न चालण्याचं कारण एवढंच असतं, कुठल्यातरी दुसऱ्या प्रोग्रॅमने साधी डेटा डिस्क म्हणून लिहिलेली असते. बीडीएमव्ही आणि सर्टिफिकेट हे दोन्ही फोल्डर डिस्कच्या मुळाशी पाहिजेत, दुसऱ्या कुठल्या फोल्डरच्या पोटात नकोत. सर्टिफिकेट रिकामा दिसतो म्हणून उडवू नका, काही प्लेअर तो नसला की रुसतात.

कोऱ्या डिस्क घेताना पाकिटावर एलटीएच लिहिलंय का ते बघा आणि लिहिलं असेल तर ठेवून द्या. २००८ च्या सुमारास त्या स्वस्त म्हणून आल्या, आत सेंद्रिय डाय असतो, जुने प्लेअर त्यांना बऱ्याचदा ओळखत नाहीत आणि उजेडातही त्या लवकर खराब होतात. साध्या एचटीएल डिस्कमध्ये अजैविक थर असतो, त्याच घ्या. प्रयोगासाठी एखादी बीडी-आरई जवळ असू द्या, पुन्हा पुन्हा पुसून लिहिता येते, एक-दोन मिनिटांचा तुकडा टाकून ज्या प्लेअरवर ती शेवटी चालणार आहे त्याच प्लेअरवर बघायचं आणि मगच खरी डिस्क लिहायची, खास करून कोणाला भेट द्यायची असेल तर. आणि वर कागदी स्टिकर चिकटवू नका, डिस्क फिरताना तोल जातो आणि आधीच नखरेल असलेल्या प्लेअरला आयतं निमित्त मिळतं. ब्लू-रेत डेटाचा थर पृष्ठभागापासून ०.१ मिलिमीटर आत आहे फक्त, डीव्हीडीत ०.६ असतो, म्हणून वरून कठीण कोटिंग दिलेलं असतं. तेवढ्यावर विसंबून डिस्क डेटाची बाजू खाली करून टेबलावर ठेवायच्या नाहीत.

पेनड्राइव्हवर का नाही टाकत असं कोणीतरी विचारणारच. टाका की, स्वतःपुरतं बघायचं असेल तर तेच बरं, बरेच प्लेअर यूएसबीवरून फाइल चालवतात. पण कुठला प्लेअर कुठली फाइल घेतो ते प्रत्येकाचं वेगळं, आणि ४ जीबीच्या वरची फाइल पेनड्राइव्हच्या एफएटी३२ फॉरमॅटमध्ये मावत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना डिस्क घालून प्ले दाबायला सांगणं सोपं जातं, फोल्डर शोधायला सांगणं नाही.

बीडी-आरचा अर्धा गुण कापला तो मालाच्या भवितव्यासाठी. पॅनासॉनिकने २०२३ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क बंद केल्या, सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये. इतर कंपन्यांच्या अजून मिळतायत, पण निवड कमी होत चाललीये, तेव्हा ज्यांच्याकडे कॅमेऱ्यातल्या जुन्या फाइली हार्ड डिस्कवर तशाच पडून आहेत त्यांनी रायटर आणि एचटीएल डिस्कचा एक डबा आत्ताच घेऊन ठेवावा, आणि मूळ फाइली डिस्क बनली म्हणून पुसू नयेत.