पणजीत बेबिंका कुठून घ्यावी: फोंतेन्हासची बेकरी की बाजारातलं दुकान?

घरी न्यायला बेबिंका, म्हणजे गोव्याचा थराथरांचा गोड पदार्थ, घ्यायची, तर पणजीत दोन पर्याय समोर येतात. एक म्हणजे फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतल्या बेकऱ्या, आणि दुसरा बाजारातली काजू-कोकमाची दुकानं, जिथे बेबिंकेचे डबे रचून ठेवलेले असतात. मी दोन्हीकडून घेतली आहे.

सोय पाहिली तर बाजार उजवा. गाडी उभी करता येते, दुकान दुपारीही उघडं असतं, डबा बॅगेत नीट बसतो. फोंतेन्हासला दुपारच्या जेवणानंतर गेलात तर बंद दार दिसण्याचीच शक्यता जास्त, आणि रविवारचा तर भरवसाच नको. गल्ल्या अरुंद, त्यात रंगीत भिंतींपुढे फोटो काढणाऱ्यांची गर्दी. त्या घरांत माणसं राहतात, हे पर्यटकांनी जरा लक्षात ठेवलं तर बरं होईल. कदंब बसस्थानकावर उतरत असाल तर मात्र खाडीवरचा पूल ओलांडून चालतच जा, गाडीचा प्रश्नच येत नाही.

तरीही माझा कौल फिरला तो बंद डब्यामुळे. डब्यावर चित्र सुरेख असतं, आतलं काही दिसत नाही. एका दुकानातून घेतलेली बेबिंका घरी कापली तर थर सुटेचनात, सगळं एकजीव झालेलं. चव वाईट नव्हती, पण ती शिऱ्याची वडी झाली, बेबिंका नव्हे. नारळाचं दूध, अंड्याचा बलक, साखर, मैदा, तूप, जायफळ हे सगळं ठीक. पण खरं काम थरांचं. एक थर ओतायचा, वरून आच देऊन तांबूस होऊ द्यायचा, त्यावर तूप सोडायचं आणि मगच पुढचा. असे निदान ७ थर. मधे घाई झाली की थर एकमेकांत मिसळतात, आणि ती घाई डब्याबाहेरून कळायची कशी? २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकेला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, आनंदच आहे; पण हातातला डबा कुणी किती निगुतीने भाजला, ते त्यावरून कळत नाही.

बेकरीत काचेमागे कापलेली कड दिसते. फिकट, तांबूस, फिकट, तांबूस अशा रेघा वेगवेगळ्या दिसल्या की घ्यावी. एक तुकडा तिथेच खाऊन बघता येतो. थर बोटाने अलगद उलगडला पाहिजे. कालची की आजची, हेही विचारता येतं आणि, माझ्या अनुभवात तरी, सरळ उत्तर मिळतं. बाजारातही चांगला माल ठेवणारे असतीलच. तुमचं ओळखीचं दुकान असेल तर ते सोडू नका.

बाकीच्या जिनसांसाठी मी एवढा आग्रह धरणार नाही. बोलीन, म्हणजे रवा-खोबऱ्याची बिस्किटं, कोरडी असतात, डब्यातलीही छान लागतात. पेराद, म्हणजे पेरूची वडी, तिचंही तसंच. घरी अंडं चालत नसेल तर बेबिंकेचा विषयच संपला. मग दोदोल न्या. त्यात तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ असतो. दोदोलला तेल सुटतं, तेव्हा कपड्यांच्या बॅगेत ठेवू नका. आणि नाताळच्या सुमारास जाणार असाल तर बेकरीत आधी सांगून ठेवा, ऐनवेळी शिल्लक राहत नाही.