पूडल-टेरियरचे केस: लांब राखावेत की बारीक कापावेत?

पूडल आणि टेरियरच्या संकरातल्या कुत्र्यांचे केस घरभर फारसे पडत नाहीत, म्हणून लोक खूश असतात. पण गळलेला केस बाकीच्या केसांतच अडकून राहतो, आणि तिथूनच गुंता सुरू होतो.

लांब केस देखणे दिसतात, यात वाद नाही. त्यासाठी मात्र रोज विंचरावं लागतं, तेही मुळापर्यंत. नुसता वरवर ब्रश फिरवला की अंग मऊसूत दिसतं. पण कानामागे, काखेत, पट्ट्याखाली बोट घातलं की घट्ट गोळा लागतो. माझ्या कुत्रीच्या काखेत असाच गोळा झाला होता. पावलागणिक कातडी ओढली जायची आणि मला वाटायचं, ही आळसावली आहे. गोळा काढल्यावर खालची लालबुंद कातडी पाहून जीव कळवळला. गुंता न सोडवता अंघोळ तर घालूच नका. ओला गुंता वाळताना आणखी आवळतो.

बारीक केसांत गोचीड, पुरळ चटकन दिसतं, अंग लवकर वाळतं. आठवड्यातून दोन-तीनदा विंचरलं तरी भागतं. साधारण ६ ते ८ आठवड्यांनी कापून घ्यायचा खर्च आहेच. अगदी कातडीपर्यंत भादरू नका, उन्हाने त्वचा भाजते; सेंटिमीटरभर तरी राहू द्या.

डोळ्यांवरची झुलपं आणि पंजांच्या गाद्यांमधले केस मात्र लांब राखा की बारीक, कापावेच लागतात.

रोज पंधरा मिनिटं खरोखर देता येणार असतील, तरच लांब राखा. मी आता बारीकच ठेवते. शेपटीचा झुपका तेवढा राखलाय, तो हलताना पाहायला मला फार आवडतो.